पैसे लेखकाचे, हक्क कोणाचे?

संपादक महोदय,

पुण्यात स्वखर्चाने पुस्तक काढणारे पुष्कळ, करार नीट वाचणारे थोडे. पैसे लेखकाचे, तर हक्कही त्याच्याकडेच राहायला हवेत! करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर ५ वर्षांपुरतेच मानले जाते. घात करतो तो ‘कायमस्वरूपी’ हा शब्द. सहीआधी तो खोडायला लावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून मोफत मिळतो, त्याचे पैसे कशाला मोजायचे? युनिकोड (संगणकावरील प्रमाणित अक्षरसंकेत) मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र फुटतो, म्हणून शेवटचे प्रूफ कागदावरच तपासा. आणि पाने १६ च्या पटीत बसवा; नाहीतर उरलेली पाने कोरी राहतात आणि त्यांचा कागदही लेखकाच्याच बिलात चढतो.

— एक मुद्रितशोधक, सदाशिव पेठ, पुणे