जुनं सागवान भंगारात घालू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पेठांमधले वाडे आणि कोथरूडकडच्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्यात, आणि त्यातून निघणारी सागवानी कपाटं, शिसवी खुर्च्या, देव्हारे लोक भंगारवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतात नि नव्या फ्लॅटसाठी पार्टिकल बोर्डचं कपाट हप्त्यावर घेतात, जे जरा ओल लागली की फुगतं. बघून जीव तुटतो हो.

बहुतेक वेळा लाकूड चांगलंच असतं, नुसतं वरचं पॉलिश काळवंडलेलं असतं. मागच्या कोपऱ्यात कापसावर थोडं पॉलिशचं स्पिरिट घेऊन चोळून बघा, पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर ते जुनं फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. मग सगळं खरवडत बसायची गरजच नाही, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. तेलकटपणा पुसून घ्या, ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने लाकडाच्या रेषांच्याच दिशेने फिरवा (आडवा फिरवलात तर ओरखडे पॉलिशनंतर जास्तच उठून दिसतात) आणि सुती फडक्याच्या बोळ्याने फ्रेंच पॉलिशचे पातळ पातळ हात मारत जा, प्रत्येक हात वाळू द्या. पावसाळ्यात मात्र नको, दमट हवेत पांढरट झाक येते, दिवाळीनंतरची कोरडी हवा बेस्ट. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, निरांजन काही जवळ पेटलेलं नको, स्पिरिट लगेच पेट घेतं.

ऑइलपेंट मारलेलं जुनं कपाट असेल तर गोष्ट वेगळी, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. तरी सोसायटीच्या पॅसेजमध्ये सरळ मशीन लावून कोरडं घासतात, धूळ जिनाभर, तिथेच मुलं खेळतायत! असा रंग पाणी मारून ओलाच घासावा, एन-९५ मास्क लावावा, गरोदर बायकांना आणि मुलांना लांब ठेवावं, आणि निघालेला चोथा झाडून न टाकता ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करावा. सोसायट्यांच्या कमिट्यांनी पॅसेजमधल्या कोरड्या घासकामाला सरळ बंदी घालावी, आणि आपल्या पेपरनेही हा विषय लावून धरावा ही विनंती.

- एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे