कॉयरचे कार्यक्रमही छापा की!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात कॉयर, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं समूहगायन, ही नुसती चर्चमधली प्रार्थना आणि साऊथ मुंबईच्या श्रीमंतांची हौस असं एका वाक्यात उडवून लावलंय, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. मी डोंबिवलीकर, बँकेतून रिटायर, भजन आणि नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस, तरी कॉयर ऐकायला नरिमन पॉइंटला जातो आणि मराठी बोलणारं तिथे फार कोणी भेटत नाही, आता भेटणार तरी कसं, पेपरात आलं तर लोकांना कळेल ना!

परांजोती अकॅडमी कोरस नावाचा गायकवृंद १९५६ पासून मुंबईत आहे. व्हिक्टर परांजोतींनी उभा केला, ते गेल्यावर कूमी वाडिया बाईंनी कित्येक दशकं तो चालवला, युरोपात नेऊन गायला लावला. गाणारे सगळे हौशी, पोटापाण्याचं काम वेगळं आणि तालीम वेगळी. परांजोतींची द्रविडियन डिथिरॅम्ब नावाची रचना तर आपल्या दाक्षिणात्य संगीतावरच बेतलेली आहे, परदेशातले कॉयर ती गातात आणि आपल्याला पत्ताच नाही.

शाळेत आपण समूहगीत म्हणायचो ते सगळे एकाच चालीत. इथे सोप्रानो, अल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे तसेच) अशा चार गटांच्या चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालू असतात, आणि बाजूचा दुसरंच काहीतरी गात असताना आपली ओळ सोडायची नाही हे किती अवघड आहे ते घरी दोघांनी करून बघा, दुसऱ्या ओळीला हसायला लागाल.

राहिलं चर्चचं. हँडेल या जुन्या युरोपियन संगीतकाराचा मसाया हा कॉयरसाठीचा मोठा गीतप्रबंध घ्या, विषय ख्रिस्ताचाच आहे पण १७४२ साली डब्लिनमध्ये तो पहिल्यांदा झाला तो चर्चमध्ये नाही, म्युझिक हॉलमध्ये, आणि जमलेला पैसा हॉस्पिटलांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवायला गेला. गर्दी होणार म्हणून बायकांनी घेरदार झग्यांखालचे हुप घालू नयेत, पुरुषांनी तलवारी आणू नयेत अशी विनंती आधी छापून आली होती, आणि ती वर्तमानपत्रात बरं का! आजही १३ एप्रिलला, म्हणजे त्या पहिल्या कार्यक्रमाच्या तारखेला, डब्लिनचं हौशी कॉयर त्या हॉलच्याच रस्त्यावर, उघड्यावर मसायातले भाग गातं.

तेव्हा मागणी एवढीच, 'आजचे कार्यक्रम' सदरात व्याख्यान, कीर्तन, सवाष्णींचं हळदीकुंकू सगळं येतं तिथे कॉयरलाही दोन ओळी द्या, फक्त मुंबईचे नाही तर पुण्याचे, गोव्याचे, वसईचेसुद्धा. ठिकाण, वेळ, तिकीट आहे की फुकट. आणि संपायची अंदाजे वेळही टाका, आम्हा कल्याण-डोंबिवलीवाल्यांना परतीची लोकल बघावी लागते.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली पूर्व