बर्फातून भाषणाला गेलेल्या लेकीस

सोलापूर
२४ जानेवारी

चि. सईस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या आईने तुला बरेच सुनावले. मी मध्ये काही बोललो नाही, त्यावरून मलाही राग आला असे तू समजली असशील, म्हणून हे पत्र. तिकडे अमेरिकेत, बफेलोत बर्फाचे वादळ चालू असताना तू एका लेखिकेला ऐकायला घराबाहेर पडलीस, मेट्रोने गेलीस आणि पुढे गुडघाभर बर्फातून चालत सभागृह गाठलेस. हे ऐकून मला फार आनंद झाला, सई. भीतीही तेवढीच वाटली. ती आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळेपणाने लिहिता येईल.

तुझ्या गावाच्या बर्फाबद्दल मी दोन रात्री वाचत बसलो होतो. एरी सरोवराचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्यावरून गार वारा येताना वाफ उचलतो आणि काठावर आला की अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. एका वस्तीत दारे गाडली जातात आणि थोड्या अंतरावर ऊन असते. आपला वळीव नाही का, बाळीवेशीत धो धो आणि विजापूर रोडला नुसता धुरळा! पण वळिवाने माणूस भिजतो एवढेच. २०२२च्या नाताळातल्या वादळात तुझ्या त्या शहरात आणि आसपास ४०हून अधिक माणसे दगावली, काही गाडीत अडकून, काही पायी जाताना. हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा प्रशासनाने वाहतूक बंद केली असेल त्या दिवशी कितीही मोठा लेखक आलेला असो, तू घरीच थांबायचेस. यावर वाद नको.

आणि एक सुताच्या धंद्यातल्या माणसाचे ऐक. आपली सोलापुरी चादर तुझ्या पलंगावर ठेव, पण बाहेर पडताना अंगालगत सुती कपडा घालू नकोस. सूत एकदा ओले झाले की पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब ओढून घेते. लोकर दमट झाली तरी ऊब देते. मोजेही लोकरीचेच घे. वाऱ्यासकट उणे २८ अंशांचा गारठा असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, म्हणून कान, नाक आणि बोटे झाकलेली हवीत. गड्ड्याच्या यात्रेत पहाटेच्या १५ अंशांना आपण कानटोपी शोधतो, आणि आपली मुलगी कुठे जाऊन राहिली आहे! पण सोलापूरच्या माणसाला थंडी झेपत नाही असे मी कुणाला म्हणू देत नाही. आपले डॉक्टर कोटणीस इथल्या उन्हात वाढले आणि १९३८ साली चीनला गेले. तिथल्या उत्तरेच्या कडक हिवाळ्यांत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४२च्या डिसेंबरात तिथेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी शाळेत असताना तुला नेले होते.

आता आनंदाचे.

तू म्हणालीस, एवढ्या मोठ्या सभागृहात जेमतेम पंचवीस माणसे आली होती, म्हणून त्या बाईंनी सगळ्यांना पुढे बोलावले आणि स्वतः व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. एकाच पानाचे तीन खर्डे वाचून दाखवले आणि प्रत्येक वेळी काय काढून टाकले, का टाकले, तेही सांगितले. सभागृह भरलेले असते तर त्यांनी ते वाचले असते असे मला वाटत नाही. भरल्या सभेत लेखक तयार भाषण करतो, ते त्याला करावेच लागते. २००६ साली मराठी साहित्य संमेलन आपल्या सोलापुरात भरले आणि अध्यक्ष झाले मारुती चितमपल्ली, इथेच जन्मलेले, आयुष्यभर जंगलखात्यात राहून अरण्यावर लिहिणारे. तेव्हा तुला कडेवर घेऊन मी मंडपात उभा होतो. आपल्या गावचा माणूस त्या जागी बसलेला बघून ऊर भरून आला होता. २०२५च्या जूनमध्ये ते इथेच गेले तेव्हा तो मंडप डोळ्यांपुढे आला. पण त्या गर्दीत शब्द कर्ण्यातून येत होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

दुसरी एक संध्याकाळ तुझ्या जन्माआधीची. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहायचो. मे महिना होता, गल्लीतल्या वाचनालयाने मराठवाड्यातले एक लेखक बोलावले होते. संध्याकाळी वळीव आला, पत्रे उडाले, वीज गेली. आम्ही थोडेच लोक पोचलो, त्यांत यंत्रमागावरून सुटून तसेच आलेले चार-पाच जण होते, केसांत कापूस अडकलेला. कार्यक्रम रद्द करू असे आयोजक म्हणाले. लेखकांनी खुर्ची ओढून आमच्यामध्येच ठेवली आणि कंदिलाच्या उजेडात बोलायला लागले.

त्यांच्या एका कादंबरीत गावचा सावकार होता, अगदी काळा रंगवलेला. पुस्तक आल्यावर त्या सावकाराच्या मुलीने ते वाचले. लेखक तिला भेटायला गेले. तिने चहा केला आणि सांगितले की वहीतले आकडे तुम्ही बरोबर लिहिलेत, पण दुष्काळात बाबा रात्र-रात्र ओट्यावर बसून राहायचे, ते तुम्हाला कुणी सांगितले नाही वाटते. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला दुसरी कादंबरी लिहिता आली नाही, असे ते म्हणाले. आमच्यातल्या एका मागवाल्याने विचारले, मग त्या मुलीला नव्या पुस्तकात घेतले का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, नाही, तिने परवानगी दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेढीवर उधारीची वही उघडली. तीच नावे, तेच आकडे. पण एकेका नावापाशी माझे बोट थांबू लागले. हा माणूस दोन महिने का आला नाही, त्याचे माग चालू आहेत की विकले, हे मी विचारू लागलो. मालकांना ते आवडले नाही, मी मात्र ती सवय सोडली नाही. मी काही लेखक झालो नाही. पण त्या संध्याकाळी घरी बसलो असतो तर माझे काम मी वेगळ्या तऱ्हेने केले असते, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

म्हणून तुझे जाणे मला वेडेपणाचे वाटले नाही. त्या बाईही वादळातूनच आल्या होत्या, हे विसरू नकोस. कुणी येईल की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हते. समोर पंचवीस माणसे बर्फ झटकत बसलेली बघून त्यांना काय वाटले असेल! बोलणाऱ्यालाही ऐकणारा लागतो गं. पुण्यात १८७५ साली रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपली माणसे संध्याकाळी सतरंजीवर बसून ऐकत आली आहेत, आणि त्या बसण्यातून घडली आहेत. तू त्यांच्यातलीच आहेस याचा मला अभिमान आहे.

तुझ्या आईचा राग कालच उतरला. भाकरी थापताना एकदम म्हणाली, त्या बाई रात्री कुठे उतरल्या, त्यांना गरम जेवण मिळाले का? आपल्याकडे पाहुणा वक्ता कुणाच्या तरी घरी जेवल्याशिवाय जात नाही, तेव्हा तिला हे कळायलाच हवे आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी शेजारच्या मुलाबरोबर पाठवतो आहोत, तो फेब्रुवारीत तिकडे येतोय.

फोन ठेवताना तू हळूच म्हणालीस की त्या रात्री परत आल्यावर तू लिहायला बसलीस. दहावीनंतर तू कथा लिहिणे सोडलेस तेव्हा मी काही विचारले नव्हते, आज विचारतो. किती लिहिलेस? ते पान मला पाठव. खाडाखोड केलेले, अर्धवट, जसे असेल तसे पाठव, आणि काढून टाकलेल्या ओळीही राहू दे. मी सावकाश वाचून उत्तर लिहीन.

तुझे,
अण्णा