डिपेंडंटच्या रकान्यातून

सातारा, रविवार

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा मेडिक्लेमचा फॉर्म मोबाईलवर मिळाला. आईने चष्मा लावून वाचला, 'डिपेंडंट'च्या रकान्यात आम्हा दोघांची नावं पाहिली आणि म्हणाली, "घ्या, आता तुम्ही लेकीचे अवलंबित!" ती हसली, मला तेवढं हसू आलं नाही. पेन्शन आहे, दळण अजून स्वतः आणतो. वर्षानुवर्षं याच रकान्यात तुझं नाव मी लिहीत आलो. आता फॉर्म फिरला.

दिवाळीत तू आईला सुनावलंस, "मी इंडिपेंडंट आहे, कुठे जाते ते विचारत जाऊ नका." मी पेपरामागे गप्प बसलो होतो. आज बोलतो. रागाने नाही, त्या शब्दाबद्दलच. तहसील कचेरीत तीस वर्षं फॉर्मचे रकाने भरून घेतले की शब्दांची खोड लागते.

लॅटिनमध्ये 'पेंदेरे' म्हणजे लोंबणं. गळ्यातलं पेंडंट त्यातलंच, घड्याळाचा पेंड्युलमही. डिपेंडंट म्हणजे कशाला तरी लोंबणारा. आणि आपलं 'अवलंबून' काय वेगळं आहे? संस्कृतात 'लम्ब्' म्हणजे लोंबणंच, म्हणून शाळेत पेंड्युलमला आपण लंबक म्हणतो. इकडे पेंड्युलम आणि डिपेंडंट, तिकडे लंबक आणि अवलंबून. दोन भाषांना एकच चित्र सुचलं याची मला फार गंमत वाटते. (जाता जाता: मागे तू रेझ्युमेत 'इंडिपेंडंट' लिहिताना शेवटी 'ए' घातला होतास. तिथे 'ई'च लागतो. 'ए' चालतो तो ब्रिटिश पद्धतीत, डिपेंडंट माणसाला. म्हणजे आता मला!)

त्याला 'इन' लावला की झाला न लोंबणारा. इंग्रजीत ही मिरवायची गोष्ट. मराठीत मात्र शब्दाला शब्द ठेवून बघ, 'निरालंब' होतं. निराधार म्हण.

संजय गांधी निराधार योजनेचं टेबल चार वर्षं माझ्याकडे होतं. एक बाई यायच्या. नवरा गेलेला, लोणची-पापड करून विकायच्या. अर्जातल्या त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊसाहेब, एवढं खोडता येतंय का? दोन पोरं पोसतेय मी." शब्द योजनेच्या नावातच, खोडणार कुठून? त्यांनी सही केली, पण पेन असं दाबलं की कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीवरही ती ठळक उमटली. पुढे किती अर्ज हातांखालून गेले, ती सही तेवढी विसरलो नाही.

म्हणून आपण 'इंडिपेंडंट'ला 'स्वतंत्र' म्हणतो, आणि तिथेही घोळ आहेच. जाहिरातीत 'स्वतंत्र बंगला' म्हणजे भिंतीला भिंत नसलेला. आमच्या लहानपणी 'धाकटा स्वतंत्र झाला' म्हणजे त्याने चूल वेगळी मांडली, आणि हे सांगताना आजी आवाज खाली आणायची. तुझी ती बंगाली मैत्रीण 15 ऑगस्टला 'स्वाधीनता दिवस' म्हणते ना? आपल्याकडे चोराला पोलिसांच्या 'स्वाधीन' करतात.

पण मला आवडतो तो 'अपक्ष'. निवडणुका आल्या की आमच्या कचेरीत अर्जांची झुंबड उडायची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. एका वर्षी शेवटच्या दिवशी एका अपक्षाचा एक सूचक दुसऱ्या मतदारसंघातला निघाला. अर्ज घेणं 3 वाजता बंद, आणि घड्याळात वीस मिनिटं उरलेली. तो गडी बाहेर धावला आणि समोरच्या गाडीवरच्या चहावाल्याला हाताला धरून घेऊन आला. चहावाल्याने ओले हात लेंग्याला पुसले, यादीतला आपला नंबर शोधून दिला, सही ठोकली आणि "दूध उतू जाईल" म्हणत परत पळाला. उमेदवाराचं डिपॉझिट पुढे जप्त झालं, तो भाग वेगळा. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, कचेरीतल्या सगळ्यांत 'इंडिपेंडंट' माणसाला सगळ्यांत जास्त सह्या गोळा कराव्या लागतात. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर तो एखाद्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याचं सदस्यत्वही जातं. निदान कागदावर तरी कायदा त्याचं अपक्षपण इतकं मनावर घेतो.

तू तुझ्या पैशाने भाडं भरतेस, रात्री दोनला विमानतळावरून एकटी घरी जातेस, गॅसची नळी स्वतः बदलतेस. याचा मला अभिमान आहे आणि तो मी शेजारीपाजारी बोलूनही दाखवतो. कुठे जातेस ते यापुढे विचारणार नाही. पोचलीस की तेवढं कळव. आईला तेही सांगायला नको, असं वाटत असेल तर मला कळव, मी तिला सांगीन.

फॉर्मचं म्हणशील तर सकाळी तुला फोन करून "आमची नावं काढून टाक" म्हणणार होतो. मग आईच्या गुडघ्याचा एक्स-रे टेबलावर दिसला. राहू दे नावं. आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, गुरुजींनी लावलेली. घरात आपण कार्तिकात वाढदिवस करतो तो भाग सोड, फॉर्मवर 1 जूनच टाक, नाहीतर कागद जुळणार नाहीत. माझ्या नावात मधलं नाव पूर्ण लिही. दोघांच्या आधारच्या प्रती सोबत पाठवतोय, पाठची बाजूही आहे.

तुझे,
बाबा