तेरा लाख वर्षं हा आकडा हेडिंगमध्ये का नसतो?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

'तारा सूर्यमालेकडे सुसाट, पृथ्वीवर संकट' अशा बातम्या अधूनमधून पेपरात आणि चॅनलवर येतात, मग त्याच व्हॉट्सॲपवर फिरतात आणि शाळेतली पोरं घाबरून विचारायला लागतात की आता काय होणार. तारा खरा आहे, ग्लीझ ७१० त्याचं नाव, तो येतोय हेही खरं, पण जवळपास १३ लाख वर्षांनी, आणि नेमका हाच आकडा हेडिंगमधून गायब असतो. याचा मला फार राग येतो.

कारण खरी गोष्ट कितीतरी भारी आहे. हा तारा आज साधारण ६२ प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याहून लहान, नारिंगी. इतक्या जवळचे तारे सहसा वर्षानुवर्षांत आकाशात थोडे तरी सरकलेले मोजता येतात, हा मात्र जवळजवळ हलतच नाही, रुळांवर समोरून येणारी गाडी जशी बाजूला सरकताना दिसत नाही तसं. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कळतं की तो सेकंदाला सुमारे १४ किलोमीटरने आपल्याकडेच येतोय. मग किती जवळून जाणार, ते ठरतं त्या बाजूला सरकण्याच्या बारीकशा मापावर. १९८९ मध्ये सोडलेल्या हिपार्कस यानाच्या मोजमापांवरून अंदाज होता की एखाद प्रकाशवर्ष लांबून जाईल, पुढे २०१३ मध्ये गेलेल्या गाया यानाने इतकं बारीक मोजलं की तो अंदाज ०.१७ प्रकाशवर्षांपर्यंत खाली आला.

म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेदहा हजार पट! नेपच्यून फक्त तीसपट लांब आहे हो, त्यामुळे ग्रहांना धक्काबिक्का काही नाही. तारा घुसणार तो ऊर्ट मेघात, म्हणजे ग्रहांच्या खूप पलीकडे सूर्यमालेभोवती पसरलेल्या बर्फाळ गोळ्यांच्या ढगात, तिथले काही गोळे ढकलले जातील आणि धूमकेतू होऊन आत येतील, त्यांनाही यायला लाखो वर्षं लागतील. आणि असं पहिल्यांदाच होतंय असंही नाही, शोल्झचा तारा ७०-८० हजार वर्षांपूर्वी साधारण एका प्रकाशवर्षावरून गेला, तेव्हा पृथ्वीवर माणसं होती.

आपल्या पेपरला कळकळीची विनंती, यापुढे ही बातमी आली तर वर्षं आणि अंतर हेडिंगमध्येच छापा. आणि ऑक्टोबरमध्ये पावसाळी ढग गेले की आकाशाचा एक छोटा नकाशा द्या, संध्याकाळी श्रवण ताऱ्याच्या पश्चिमेला हा तारा असलेला भाग चांगला वर असतो. नुसत्या डोळ्यांनी ग्लीझ ७१० दिसत नाही पण छोट्या टेलिस्कोपमधून नक्की दिसतो, पोरांना एकदा तो नारिंगी ठिपका शोधू दे.

आपला,
एक नियमित वाचक