सड्यावरच्या डबक्यांतील पाणभुंगे

संपादक महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत जेमतेम दोन ते पाच मिलिमीटरचे शिकारी पाणभुंगे आढळतात. त्यांना सरसकट 'पाणकिडे' म्हणून सोडून दिले जाते, याचे वाईट वाटते.

भिंग आणि थोडा धीर असला की ओळख पटू लागते. डायटिसिडी कुळातला हा भुंगा मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारतो आणि हवा घेण्यासाठी शरीराचे मागचे टोक पृष्ठभागाशी आणतो. त्याच्यासारखाच दिसणारा हायड्रोफिलिडी कुळातला भुंगा मात्र पाय आळीपाळीने हलवतो आणि डोक्याकडून हवा घेतो. पहिल्याच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात, दुसऱ्याच्या टोकाशी जाड. नेमकी जात ठरवायला अनेकदा नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, म्हणून छायाचित्रावरून घाईने नाव देण्यापेक्षा 'लॅकोफिलस' किंवा 'हायड्रोग्लायफस' एवढ्या प्रजातीच्या (जीनसच्या) नावावर थांबणे अधिक प्रामाणिक ठरेल.

नोंदीत पाण्याची खोली, तळ कातळाचा की चिखलाचा, शेवाळ, काठचे गवत आणि तारीख अवश्य असावी. डबके आटू लागले की प्रौढ भुंगे उडून दुसरे पाणी शोधतात, त्यामुळे एका डबक्याचा विचार आसपासच्या तळ्यांपासून तोडून करता येत नाही.

डासांच्या अळ्या खाणारे हे भुंगे जिथे आधीच आहेत, तिथे गप्पी मासे सोडण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाने ते पाणी एकदा तपासावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी