हातखंब्याच्या वायरमन काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला खपणार नाही, एवढं ओळखलंय. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचेत. गणपतीत या मुंबई-गोवा हायवेवर माझ्यासारखे चाकरमानी पुष्कळ, आणि डॅशबोर्डवर पिवळी खूण दिसली की धास्तावणारेही तितकेच.

‘मागचा डावा दिवा तपासा’ असं गाडी सांगत होती. मागे जाऊन पाहावं तर दोन्ही दिवे व्यवस्थित चालू! मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याने कंट्रोल युनिटच, म्हणजे दिव्यांवर लक्ष ठेवणारा गाडीतला छोटा संगणकच, बदलायला सांगितलं होतं. तुम्ही डिकी उघडलीत, होल्डर फिरवून बल्ब काढलात, शर्टाला पुसून उजेडात धरलात. आत दोन तारा. ब्रेकची २१ वॅटची जाड तार धड होती. पार्किंगची ५ वॅटची बारीक तार तुटून लोंबत होती, टिचकी मारली की थरथरायची. “गाडी खोटं बोलत नाय हो,” म्हणालात.

मग दिवा लागत कसा होता? तेही तुम्हीच समजावलंत. बारीक तारेतून करंट जात नाही हे गाडीच्या कंट्रोल युनिटला कळतं. मग ते ब्रेकचीच तार मंद पेटवून वेळ निभावतं. करंट इतक्या झपाट्याने बंद-चालू होतो की डोळ्याला नुसता मंद उजेड दिसतो. ब्रेक दाबला की तीच तार पूर्ण पेटते. सगळ्या गाड्यांत ही सोय नसते. साध्या गाडीत बल्ब उडाला तर मागच्याने सांगेपर्यंत पत्ता लागत नाही. पावसाळी रात्री घाटात मागून ट्रक येत असताना हे आठवलं की अंगावर काटा येतो.

मी हौसेने एलईडी बसवायला सांगत होतो, तुम्ही साफ नकार दिलात. एलईडी करंट कमी ओढतो, युनिटला वाटतं बल्ब गेला, आणि खूण पुन्हा पेटते. काही गाड्यांत इंडिकेटरला एलईडी लावल्यावर तो भराभरा टिकटिकतो, त्यामागेही हेच कारण. गिऱ्हाईक स्वतःहून महाग वस्तू मागत असताना नको म्हणणारा दुकानदार विरळाच.

आणि होल्डरमधली ती हिरवी बुरशी! गाडी गावी समुद्राकाठी उभी असते, खारा वारा पितळ खातोच. पॉलिश पेपरने तुम्ही एकेक टोक चकचकीत केलंत, अर्थिंगची वायर सोडवून घासून पुन्हा आवळलीत. बल्ब बदलून मोकळं होता आलं असतं.

पैसे घेतलेत ते फक्त बल्बचे. मजुरीचं विचारलं तर हात झटकलात. आईने कोकमाच्या आगळाची बाटली बाजूला काढून ठेवली आहे, शिमग्याला येताना घेऊन येतो. उजव्या बाजूचा बल्बही तेवढाच जुना आहे, तोही तेव्हा बघून घ्या. आणि या वेळी मजुरी घ्यायचीच, काका.

तुमचा,
देवगडचा एक चाकरमानी